श्री नसलेलं कार्ड

आमच्या घरची पत्रं मी लिहीत असे, चौथीत गेलो तेव्हापासून. वडिलांना सही येत नव्हती, काकांना तेवढी सहीच येत होती. भातकुलीपासून दोन कोसांवर आमचं गाव. वडील ओसरीवर बसून सांगत आणि मी जमिनीवर पालथा पडून लिहीत असे. ते सांगत वऱ्हाडीत, मी लिहीत असे शाळेतल्या मराठीत. "आमी समदे बरे हावो" याचं मी "आम्ही सर्व क्षेमकुशल आहोत" करी. लिहून झालं की वाचून दाखवी. आपलंच बोलणं एवढं भारदस्त झालेलं ऐकून वडील मान हलवत. पोराला शाळेत घातल्याचं चीज झालं, असं त्यांना त्या घटकेला वाटत असावं. मलाही वाटे.

त्या पत्रांपैकी एका कार्डाबद्दल मला लिहायचं आहे. इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण त्यात माझी चूक आहे आणि त्याहून मोठी लाज आहे.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला अकोल्याला जठारपेठेत दिली होती. जावई प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या घराण्यात नोकरीवाला जावई हा पहिलाच, म्हणून गावात आमची मान थोडी वर झाली होती. ताईला एक मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना दुसरं बाळंतपण झालं आणि तो मुलगा पाचव्या दिवशी गेला.

त्यानंतर ताईची झोप गेली. दिवसभर ती त्या बाळाची दुपटी धूत बसे. वाळलेली दुपटी दोरीवरून काढून पुन्हा भिजवी. पाण्याच्या रांजणातून बाळाचं रडणं ऐकू येतं म्हणून कोणाला रांजणात भांडं बुडवू देत नसे. पुढे जेवण सोडलं. सासरच्यांनी महिनाभर पाहिलं आणि मास्तर व त्यांची आई तिला आमच्याकडे घेऊन आले. सासूबाई मायला म्हणाल्या, "आराम पडला का कळवजा. पोरगी आमच्यापाशी राहीन." बोलताना त्या ताईकडे पाहत नव्हत्या. त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्या घाबरल्या होत्या.

आमच्याकडे 'भैताड', म्हणजे वेडा, हा शब्द दिवसातून वीस वेळा यायचा. भाकर करपली की भैताड, बैल बांधायला विसरलं की भैताड, लाडानंसुद्धा भैताडच. ताई आली त्या दिवसापासून तो शब्द घरातून गेला. कोणी कोणाला बजावलं नव्हतं. सगळ्यांच्याच जिभेनं तो आपोआप टाकला. एकदा शेजारची म्हातारी आपल्या नातवाला कुंपणापलीकडून ओरडली, "अबे भैताडा, इकडं ये!" आणि आमच्या अंगणात सगळे जागच्या जागी थांबले. ताईसुद्धा.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि होस्टेलात राहत होतो. शनिवारी दुपारी घरी जायचो, सोमवारी पहाटे परत. ताईला 'बाहेरचं' झालं आहे यावर गावात एकमत होतं. माय तिला घेऊन एका देवस्थानावर राहिली. आमच्या भागात ही रीतच होती. अशा माणसाला देवापाशी ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ आरतीला बसवायचं, आणि अंगातलं निघून जायची वाट पाहायची. माय तीन आठवडे तिथे राहिली. ताई आरतीला बसे, घुमत मात्र नसे. ती नुसती रडे, आणि माझी दुपटी वाळली असतील, मला घरी जाऊ द्या म्हणे. शेवटी ती पाणीही पिईना, तेव्हा माय तिला घेऊन परत आली.

मी हे सगळं माझ्या एका प्राध्यापकांपाशी बोललो. कॉलेजात आल्यापासून कोणापाशीही बोललो नव्हतो. ते मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी कोणाला टायफॉइड झाला तर काय कराल?"

"दवाखान्यात नेऊ."

"मग बहिणीला का नाही नेलं?"

मी म्हणालो, "ते शरीराचं असतं."

"आणि मन कुठं असतं? शेजाऱ्याच्या वावरात?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, नागपूरची. "बाळंतिणीला असं होतं. उपाय आहे. उशीर करू नका."

नागपूर. वऱ्हाडात या गावाचे दोन अर्थ होते. एक म्हणजे जिथं रेल्वे जाते ते शहर. दुसरा अर्थ तिथलं वेड्यांचं इस्पितळ, तो होस्टेलात रोज कानावर पडे: "याले नागपूरले पाठवा बे, स्क्रू ढिला झाला याचा." मीही कधी कधी म्हणत असे. चिठ्ठी खिशात घालून मी रस्त्यावर आलो तेव्हा ते मला आठवलं.

वडील तयार झाले, पण एका अटीवर. गावात, सोयऱ्यात, अकोल्यात, कोणालाही कळता कामा नये. त्यांनी आणि मी तिला बडनेऱ्याहून गाडीत बसवून नागपूरला नेलं. गावाला सांगितलं, पुन्हा देवाला नेली आहे.

दीड महिन्यानं मास्तरांचं कार्ड आलं. प्रकृती कशी आहे, मुलगी आठवण काढते, स्पष्ट कळवावे. मी रविवारी घरी होतो. वडील नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "लिव. तिले देवापाशी ठेवली हाये म्हना. आता आराम हाये म्हना जीवाले. पोरीले सांभाळा म्हना, तुमच्याशिवाय कोन हाये तिले."

मी लिहिलं. त्या वर्षी मी स्वतःला फार सुधारलेला समजत होतो. वादविवाद मंडळात देवाधर्माविरुद्ध बोलून टाळ्या घेतल्या होत्या, आणि पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिणं सोडून दिलं होतं. देवाला न मानणाऱ्यानं देवाचं नाव का लिहावं, असा माझा मुद्दा होता. त्या कार्डावरही मी तो लिहिला नाही. खाली शुद्ध मराठीत लिहिलं:

'ताई आता देवाजवळ आहे. तिच्या जिवाला आराम मिळाला आहे. मुलीला सांभाळावे. आपल्याशिवाय तिला आता कोणी नाही.'

वाचून दाखवलं. वडिलांनी मान हलवली. सोमवारी पहाटे अमरावतीला जाताना मी ते भातकुलीच्या पेटीत टाकलं.

मग माझी सहामाही परीक्षा आली आणि मी तीन आठवडे घरी गेलो नाही. गेलो तेव्हा अकोल्याचं उत्तर येऊन पडलं होतं. घरचं पत्र गावातल्या गुरुजींना दाखवायचं नाही, म्हणून कोणी वाचून घेतलं नव्हतं. मी हातात घेतलं. त्याच्याही माथ्यावर श्री नव्हता. मला वाटलं, मास्तरही सुधारले.

मोठ्यानं वाचू लागलो. "आपले कार्ड पोचले. वाचून घरात आकांत झाला. मुलीला गोवर निघाल्यामुळे येणे झाले नाही. येथे दहावा व तेरावी यथाशक्ती केली. मुलीला अद्याप काही सांगितलेले नाही. आपण धीर धरावा." दुसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं होतं, पण शाळेत सवय लागलेली असते तसं मी शेवटपर्यंत वाचत गेलो.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "कोनाची तेरवी?"

मग तिनं मला विचारलं, "तू काय लिवलं होतं?" मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला. म्हणाली, "अन् माथ्यावर शिरी लिवला होता ना?"

मी नाही म्हणालो.

आमच्याकडे शुभ-अशुभ कसलंही पत्र असो, माथ्यावरचा श्री आधी पाहतात. मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी लिहिला नव्हता, कारण माझ्या लेखी ते कार्ड मरणाचं नव्हतं. मी आपला माझा सुधारकपणा लिहीत होतो.

"लिव आताच," माय म्हणाली. "म्हनावं जित्ती हाये माही लेक."

"थांब वहिनी," काका म्हणाले. माझ्या धाकट्या बहिणीसाठी परतवाड्याचं स्थळ आलं होतं आणि आठ दिवसांत माणसं पाहायला येणार होती. ते काकांनीच जमवलं होतं. "कोठी हाये म्हनून लिवशीन? नागपूर लिवलं त आज अकोल्यात मालूम, उद्या परतवाड्यात. मेलेल्या पोरीच्या बहिनीले कोनी नाही म्हनत नाही."

"अन् बिमार पोरीच्या बहिनीले?"

मायनं वडिलांकडे पाहिलं. वडील पागोट्याचा पदर बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, "लगन होऊ दे हिचं. मंग लिवू."

एवढंच. त्या घरात लिहिता येणारा मी एकटा होतो. मला कोणाची परवानगी लागत नव्हती. एका आण्याचंही काम नव्हतं ते. सोमवारी होस्टेलात आल्यावर मी कार्ड लिहिलंदेखील: ताई जिवंत आहे, नागपूरला उपचार चालू आहेत, माझ्या लिहिण्यात चूक झाली. शाई वाळत होती तेवढ्यात माझा खोलीमित्र आला. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि टेबलावरचं मास्तरांचं कार्ड पाहिलं. त्यावरचा 'तेरावी' शब्द त्यानं वाचला.

"कोन गेलं बे?"

खरं सांगायचं तर 'नागपूर' म्हणावं लागलं असतं. मी म्हणालो, "ताई."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी मेसमध्ये मी गेलो तेव्हा पोरं गप्प झाली. एरवी मला 'खेडवळ' म्हणून चिडवणाऱ्या एकानं माझं ताट वाढून आणलं. मी जेवलो. सगळ्यांच्या समोर, जिवंत बहिणीचं दुःख म्हणून, मी पोटभर जेवलो. आणि खोलीवर येऊन ते लिहिलेलं कार्ड फाडलं, कारण आता ते पाठवलं तर मला दोन ठिकाणी खोटं ठरावं लागणार होतं.

परतवाड्याचं लग्न वैशाखात झालं. त्याच महिन्यात अकोल्याच्या एका सोयऱ्याकडून कळलं की मास्तरांनी तर मार्गशीर्षातच लग्न केलं होतं.

इथे एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांनी परतवाड्याच्या व्याह्यांना ताईचं सगळं कळलं. वडील हात जोडून त्यांच्यापुढे उभे राहिले. व्याही म्हणाले, "बसा हो. माह्या सख्ख्या भावाले दोन डाव नेलं नागपूरले. तुमाले कोन सांगतलं असतं? आमीबी देवाले गेला म्हनूनच सांगतलं सगळ्याइले." वडील तिथेच ओसरीवर बसले आणि रडले. ज्यांच्या भीतीनं आम्ही ताईला मारलं ते स्वतःच आम्हाला भीत होते.

ताई नागपुरात आठ महिने होती. मी दर महिन्याला जात असे. तिसऱ्या महिन्यात तिनं मला ओळखलं. पाचव्यात ती इतर बायांच्या वेण्या घालत होती. सातव्यात तिनं विचारलं, "कापूस कसा झाला औंदा?" आणि मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी नेताना तिथले डॉक्टर म्हणाले, "ती बरी आहे. पुन्हा त्रास झाला तर घाबरू नका, लवकर आणा. गोळी चुकवू नका. आणि तिच्यापासून काही लपवू नका. लपवलेलं या माणसांना आपल्याआधी कळतं." त्या डॉक्टरांचं नाव मी कधी विसरलो नाही. त्यांनी एकदाही मला वाटू दिलं नाही की मी लाजेच्या जागी आलो आहे.

परतीच्या गाडीत ताई खिडकीपाशी बसली होती. धामणगाव गेलं. ती म्हणाली, "पोट्टी आता धडधड बोलत असन, नाही? सरळ अकोल्यालेच जाऊ ना आपन. बडनेऱ्यावरून थेच गाडी जाते."

मग मी सांगितलं. कार्ड, तेरावी, मास्तरांचं लग्न. आवाज माझाच होता, पण दुसरंच कोणी बोलत आहे असं वाटत होतं. समोरच्या बाकावरची बाई आमच्याकडे पाहायला लागली तसं ताईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"काय लिवलं होतं? बोलून दाखव."

मी कार्ड म्हणून दाखवलं. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून पुन्हा म्हटलं.

"लई शुद्ध लिवलं रे तू," ती म्हणाली. मग, बाहेर पाहतच, "भैताडा." वर्षभरात घरातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. बडनेरा आलं तेव्हा ती मुकाट्यानं उतरली. तीच गाडी पुढे अकोल्याला जाणार होती. तिनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं मात्र म्हणाली, "मले एकदा पाहू दे पोरीले." वडील नको म्हणत होते. या वेळी मी ऐकलं नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही अकोल्याला गेलो आणि चालत जठारपेठेत आलो. ताई पुढे, मी मागे. प्रत्येक वळण तिला पाठ होतं. दार मास्तरांच्या नव्या बायकोनं उघडलं. विशीची असेल. पाच-सहा महिन्यांची पोटुशी. हात पिठानं भरलेले. "मास्तर शाळेत गेले. कोन पाहिजे?" आणि तिच्या मागे पाटी घेऊन मुलगी उभी होती. कपाळ ताईचं, उभं राहण्याची ढबही ताईचीच. मुलीनं आमच्याकडे पाहिलं, जसं कोणी परक्या माणसांकडे पाहतं.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. त्यांनी ताईला पाहिलं आणि त्या उंबऱ्याला धरून खालीच बसल्या.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही. पण ताईच आधी बोलली. त्या नव्या सुनेला म्हणाली, "मी हिच्या मायची बहीन. धाकटी. लेकराले पाहाले आलो."

सासूबाईंनी हळूहळू मान वर केली. सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव व. दुरून आले थे."

आम्ही तासभर बसलो. मुलीनं ताईला पाटीवरचा 'ग' दाखवला. त्याचा दांडा फार लांब झाला होता. ताईनं ओल्या बोटानं तो पुसला आणि म्हणाली, "आता काढ." मुलीनं काढला. "आता बरोबर," ताई म्हणाली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं.

निघालो तेव्हा सासूबाई कोपऱ्यापर्यंत मागे आल्या. ताई पुढे गेली होती. त्या मला म्हणाल्या, "मले वाचता येत नाही भाऊ. पन शिरी कोठी असते थे मालूम हाये मले. त्या कार्डावर नोयता. मास्तरानं वाचायच्या आधीच रडाले लागली मी."

"पण तुम्ही कोणी पाहायला का आला नाही?"

त्या पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. "आलो असतो..." म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. त्यांनी ते खरंच तसं वाचलं होतं, की तसं वाचणं सोपं गेलं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं विचारण्यासारखं ते नव्हतंच.

स्टेशनवर मी ताईला म्हणालो, "तू खरं का नाही सांगितलंस?"

"खरं सांगतलं असतं त मास्तराची नोकरी गेली असती. दुसरी बायको करता येत नाही म्हने आता. मंग पोरीले काय चारलं असतं? अन् त्या बाईनं काय केलं माहं? पोटुशी हाये थे." गाडी येईपर्यंत ती आपल्या उजव्या हाताचं बोट पाहत बसली. त्यावर पाटीची पांढरी पूड लागली होती.

पुढे मी बी.ए. झालो. गावातला पहिला. अमरावतीला हायस्कुलात शिक्षक झालो, दोन खोल्या घेतल्या आणि ताईला आणलं. गावात राहून तिला रोज कोणाच्या तरी नजरेला तोंड द्यावं लागलं असतं. माझं लग्न ठरताना मी मुलीकडच्यांना बैठकीतच सांगितलं की माझ्या बहिणीला मनाचा आजार झाला होता, ती माझ्याकडेच राहील. दोन स्थळं त्यावरून गेली. तिसऱ्यानं विचारलं, "औषध चालू हाये ना?" आणि विषय सुपारीवर गेला. मला शिकवलं त्या सगळ्यांचे उपकार मी मानतो. त्या शिक्षणाचं खरं काम मात्र मी या एका वाक्यापुरतंच केलं असेन.

सासूबाईंनी आमच्या त्या भेटीचं मास्तरांना सांगितलं असावं. मुलगी सात वर्षांची झाल्यावर ते तिला दर उन्हाळ्यात आणि दिवाळीत 'मावशीकडे' आणून सोडू लागले. ते कधी घरात आले नाहीत. रस्त्यावर उभे राहत, पिशवी देत आणि जात. ताई खिडकीतून पाहत असे, कोणाकडे ते मी कधी विचारलं नाही. मुलीचे केस विंचरणं, तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू, शाळेतली भांडणं, सगळं ताई करी आणि ऐके. मधल्या काळात एकदा तिची झोप पुन्हा गेली, आम्ही लगेच नागपूरला नेलं, आणि पाच आठवड्यांत ती परत आली. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी नागपूरच सांगितलं. एक-दोन दिवस बायका दारातून वळून पाहत होत्या. मग त्यांच्यातली एक येऊन हळूच नागपूरचा पत्ता मागून गेली.

मुलगी दहा वर्षांची असताना तिनं विचारलं, "मावशी, तू रोज गोळी कशाची घेतेस?"

मी "शक्तीची" म्हणणार होतो. ताई म्हणाली, "डोस्क्याची. मी येडी झाली होतो. नागपूरले ठेवलं होतं मले."

मुलगी विचारात पडली. "आता नाहीस ना वेडी?"

"गोळी खाल्ली त नाही."

त्या दिवसापासून सकाळी पेल्यात पाणी घेऊन गोळी द्यायचं काम मुलीनं स्वतःकडे घेतलं. मी ताईला एकांतात म्हणालो, "एवढं सांगितलंस तर उरलेलंही सांग. तिला पेलेल."

ताई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "येडी मावशी चालते रे. येडी माय नाही चालत. उद्या कोनी पाहाले आलं तिले, त काय सांगशीन?"

मी गप्प बसलो. सहा-सात वर्षांपूर्वीही गप्प बसलो होतो.

मुलगी चौदा वर्षांची असताना दिवाळीत ताईला कावीळ झाली. अंग पिवळं पडलं, मग पोट फुगलं. सुटी संपली तरी मुलगी गेली नाही. उसाचा रस, ताक, पथ्याचं सगळं तीच पाहत होती. शुद्ध होती तोवर ताईनं तिचा हात सोडला नाही, आणि एकदाही 'माय' हा शब्द उच्चारला नाही. मी पायाशी बसलो होतो. मला वाटत होतं, आता सांगेल. तिनं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. दुपारी चारच्या सुमारास ती गेली.

गावाहून माय, वडील, काका आले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो तर मुलगी आपली पिशवी भरत होती. "मामा, मावशीचं सुतक तीन दिवसांचं असतं ना? आता फिटलं. परवापासून माझी चाचणी आहे." ती रडून रडून सुजली होती, पण अभ्यासाची पोर.

मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. माझं कार्ड, फाडलेलं कार्ड, मेसमधलं जेवण, सगळं. काही गाळलं नाही. ती पिशवीचा बंद हातात धरून उभी होती.

मग म्हणाली, "मला नागपूर सांगितलं तेव्हा मी काय केलं होतं? गोळीच दिली ना? मग हे सांगितलं असतं तर काय केलं असतं मी?"

आम्ही सगळ्या जगाला घाबरलो होतो. त्या मुलीला मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी मास्तर आले. नेहमीप्रमाणे रस्त्यावर थांबले. अंगणात शेजारचे पुरुष बसले होते, काका होते, दारात बाया होत्या. मास्तर तिथूनच म्हणाले, "चल बाई. शाळा बुडते. मावशीचं तीन दिवस झालं."

मुलगी उंबऱ्यात आली. तेल न लावलेले केस मोकळे होते. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मावशी नाही गेली, बाबा. आई गेली माझी. दहावा झाल्याशिवाय मी येत नाही."

शेजारच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आत मायनं मोठ्यानं हंबरडा फोडला. गेल्या दहा वर्षांत ती एवढ्या मोठ्यानं रडली नव्हती. मास्तर रस्त्यावर उभेच होते. मग त्यांनी चपला काढल्या, अंगणात आले आणि इतरांच्या बरोबर भिंतीला टेकून बसले. माझ्या बायकोनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच गेले.

मुलगी राहिली. लेक पाळते तसं तिनं सगळं पाळलं. त्या दिवसांत ती आजीशी बोलली, माझ्या बायकोशी बोलली, शेजारच्या लेकराशीही बोलली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मीही तिला बोल म्हणालो नाही.